शहर कोणी वाचवले आणि किंमत कोणी मोजली?

आपल्याकडे 'इन्व्हेस्टमेंट बँकर' हा शब्द उच्चारला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. चळवळीतले जुने कार्यकर्ते म्हणतात, "भांडवलदारांचा दलाल तो. त्याच्याशी आपल्याला काय देणे-घेणे?" आणि वस्तीतल्या अभ्यासिकेत येणारी पोरे विचारतात, "ताई, त्यांचे पॅकेज किती असते हो?" मला दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. ज्याला विरोध करायचा त्याचे काम आपल्याला माहीत नाही, आणि जे व्हायचे स्वप्न बघायचे त्याचेही काम माहीत नाही. शत्रू असो की आदर्श, आधी तो नेमके करतो काय हे तर समजून घेऊ या.

म्हणून आज एका बँकरबद्दल लिहिते. त्याचे नाव फेलिक्स रोहॅटिन. समाजशास्त्राच्या एम.ए.ला नागरी समाजशास्त्राचा पेपर होता, तेव्हा न्यूयॉर्कच्या १९७५ च्या आर्थिक संकटाबद्दल वाचत होते. त्यात एक ओळ होती : न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठात १८४७ पासून पदवीच्या नियमित शिक्षणाला फी नव्हती, ती १९७६ साली सुरू झाली. एकशे एकोणतीस वर्षे चाललेली गोष्ट एका उन्हाळ्यात संपली. मी त्या ओळीवर अडकले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी. फी या शब्दाची धास्ती काय असते ते मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. मग प्रश्न पडला, हे ठरवले कोणी? निवडून आलेल्या महापौराने? विद्यापीठाने? शोधत गेले तेव्हा निर्णयाच्या टेबलावर मधोमध हा बँकर बसलेला दिसला.

आता गंमत बघा. आपण कल्पना करतो तसा हा माणूस पिढीजात सत्ताधारी वर्गातला अमेरिकन नव्हता. तो निर्वासित होता. २९ मे १९२८ रोजी व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. ऑस्ट्रियातले वातावरण बिघडू लागले तसे कुटुंब फ्रान्सला आले. १९४० मध्ये नाझी फौजा फ्रान्समध्ये शिरल्या आणि पुन्हा पळापळ झाली. टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये सोन्याची नाणी लपवून ते निघाले, ही आठवण त्याने आयुष्यभर सांगितली. कासाब्लांका, लिस्बन, ब्राझील असे करत १९४२ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. त्यांना ब्राझीलचा व्हिसा मिळाला तो सूझा दांतास नावाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्यामुळे. या अधिकाऱ्याने स्वतःच्या सरकारचे आदेश धुडकावून शेकडो लोकांना असे व्हिसा दिले होते. म्हणजे जन्मावरून माणसाला जगण्याच्या यादीतून वगळणे काय असते, हे या मुलाने बारा वर्षांच्या वयात सोसले होते.

पुढे मिडलबरी कॉलेजमधून त्याने भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि सावत्र वडिलांच्या ओळखीने लझार्ड या बँकेत उमेदवारीला लागला. ओळख इथेही लागलीच! गुणवत्तेची पोथी वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तिथे आंद्रे मेयर हा त्याचा गुरू. मेयरही फ्रान्समधून जीव वाचवून आलेला ज्यू बँकर.

लझार्डसारखी बँक म्हणजे आपण पासबुक घेऊन जातो तशी बँक नव्हे. तिथे ठेवी नसतात, पीककर्ज नसते. एका कंपनीला दुसरी कंपनी विकत घ्यायची असते. किंमत किती लावायची, पैसा कर्जाने उभा करायचा की शेअर देऊन, कोणता भागधारक अडून बसेल, कोणता कायदा आडवा येईल, हे सगळे जुळवून देणारा माणूस म्हणजे इन्व्हेस्टमेंट बँकर. त्याला मिळते ती सल्ल्याची फी, आणि मोठी फी बहुधा व्यवहार पूर्ण झाला तरच. त्याच्याकडचे भांडवल म्हणजे माहिती, ओळखी आणि कोण किती वाकेल याचा अंदाज. रोहॅटिन यात अत्यंत तरबेज झाला. आयटीटी या कंपनीचा प्रमुख हॅरॉल्ड जेनीन याच्यासाठी त्याने १९६० च्या दशकात खरेदीचा सपाटा लावला. मूळची टेलिफोनची कंपनी, पण तिच्या पोटात भाड्याच्या मोटारी गेल्या, शेरेटन हॉटेले गेली, हार्टफर्ड ही विमा कंपनी गेली. या शेवटच्या खरेदीवरून मक्तेदारीविरोधी खटला झाला, तडजोड झाली, आणि १९७२ मध्ये त्या तडजोडीमागे राजकीय साटेलोटे असल्याचा गदारोळ उठला. त्यात रोहॅटिनचे नाव आले आणि वृत्तपत्रांनी त्याला चिकटवलेले 'जुगाड जमवणारा फेलिक्स' अशा अर्थाचे टोपणनाव जन्मभर राहिले.

याच काळात वॉल स्ट्रीटवरच्या अनेक दलाली पेढ्या बुडायच्या बेतात आल्या होत्या. व्यवहार इतके वाढले होते की कागदपत्रांचा ढीग आवरेना. शेअर बाजाराने नेमलेल्या संकट समितीत रोहॅटिनने बुडत्या पेढ्यांची मोट बांधून मोठी पडझड टाळली. म्हणून १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहरच बुडायला निघाले तेव्हा राज्याचे गव्हर्नर ह्यू केरी यांनी त्यालाच हाक मारली.

ते संकट आले कसे? शहराचे उत्पन्न घटत होते. कारखाने बाहेर चालले होते, मध्यमवर्गीय गोरी कुटुंबे उपनगरांत चालली होती आणि त्यांच्याबरोबर करही. शहरात उरत होते आणि नव्याने येत होते ते मुख्यतः काळे आणि पोर्तोरिकन कष्टकरी. खर्च भागवायला शहर कमी मुदतीची कर्जे काढत गेले आणि जुने फेडायला पुन्हा नवे कर्ज काढत गेले. हिशेबातही बरीच चलाखी होती. मोठ्या बँका हे रोखे आनंदाने विकत होत्या, त्यावर कमावत होत्या. १९७५ च्या वसंतात त्यांनी अचानक हात आखडला. तोवर कमी मुदतीचे कर्ज सुमारे सहा अब्ज डॉलरवर गेले होते.

जून १९७५ मध्ये राज्याने म्युनिसिपल असिस्टन्स कॉर्पोरेशन नावाचे महामंडळ काढले. लोक त्याला 'बिग मॅक' म्हणत. रोहॅटिन त्याच्या मंडळावर आला, लवकरच अध्यक्ष झाला आणि १९९३ पर्यंत राहिला. कल्पना साधी होती. शहराच्या नावाने कोणी कर्ज देत नाही ना? मग शहराचा विक्रीकर आधी या महामंडळाकडे वळवायचा आणि त्या हमीवर महामंडळाने दीर्घ मुदतीचे रोखे काढायचे. म्हणजे लोक दुकानात जो कर भरतात त्यावर पहिला हक्क सावकाराचा, मग शाळेचा, मग दवाखान्याचा. एवढेही पुरेना. रोखे घेणाऱ्यांना विश्वास वाटायला हवा, म्हणून महामंडळाने शहराकडे मागण्या ठेवल्या : पगारवाढ गोठवा, नोकरकपात करा, भुयारी रेल्वेचे भाडे वाढवा, विद्यापीठात फी लावा. बाजाराला हादरा बसेल असे काहीतरी करून दाखवा, असा त्याचा आग्रह होता. सप्टेंबरमध्ये भाडे पस्तीस सेंटवरून पन्नास सेंट झाले. हजारो पोलीस, शिक्षक, सफाई कामगार घरी बसले.

त्याच महिन्यात शहराच्या खर्चावर देखरेख करायला आणखी एक मंडळ आले. त्यात गव्हर्नर, महापौर, दोन लेखाप्रमुख आणि तीन खासगी सदस्य. हे तिघे कोण? एक टेलिफोन कंपनीचा, एक विमान कंपनीचा, एक उद्योगसमूहाचा प्रमुख. कामगारांचा प्रतिनिधी एकही नाही. विद्यापीठाचा नाही. हार्लेमचा नाही, ब्राँक्सचा नाही.

आणि तरी शहर वाचवले कोणी? १७ ऑक्टोबर १९७५ रोजी शहराला ४५ कोटी ३० लाख डॉलर देणे होते आणि तिजोरीत होते ३ कोटी ४० लाख. दिवाळखोरीची कागदपत्रे तयार होती. त्या दिवशी शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी शिक्षकांच्या पेन्शन फंडातून पंधरा कोटी डॉलरचे रोखे घ्यायला शेवटच्या तासांत संमती दिली म्हणून शहर तरले. पुढेही महापालिका कामगारांच्या पेन्शन फंडांनी अब्जावधी डॉलर ओतले. बारा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मदत नाकारणारे भाषण केले, त्यावर 'डेली न्यूज'ने गाजलेला मथळा दिला. मग जनमत फिरले आणि वर्षाखेरीस केंद्राने कर्ज दिले, तेही स्वतःच्या व्याजदरापेक्षा एक टक्का जास्त लावून!

म्हणजे ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, ज्यांचे पगार गोठले, त्यांच्याच म्हातारपणाच्या पैशावर शहर उभे राहिले. पण 'शहर वाचवणारा माणूस' म्हणून इतिहासात नाव गेले बँकरचे. भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे नाव कोनशिलेवर कधी असते का?

आता त्या फीच्या ओळीकडे येते. एप्रिल १९६९ मध्ये काळ्या आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजचा ताबा घेतला. कॉलेज हार्लेममध्ये, पण वर्गात हार्लेमची मुले नावापुरती. त्या लढ्यामुळे १९७० पासून शहरातल्या माध्यमिक शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला शहर विद्यापीठात कुठेतरी प्रवेशाची हमी मिळाली. पहिल्याच वर्षी सुमारे ३५ हजार नवे विद्यार्थी आले. दरवाजा उघडून जेमतेम सहा वर्षे झाली आणि १९७६ च्या उन्हाळ्यात पैसे संपले म्हणून विद्यापीठ दोन आठवडे बंद पडले. उघडले ते फी घेऊनच. जोपर्यंत वर्गात मुख्यतः गोरी मुले होती तोपर्यंत मंदीत, महायुद्धांतही शिक्षण फुकट परवडले. काळी-सावळी मुले आली आणि सहा वर्षांत परवडेनासे झाले. हा योगायोग आहे असे कोणी म्हणत असेल तर म्हणो. काळ्या वस्तीसाठी काढलेल्या मेडगर एव्हर्स कॉलेजचा दर्जा त्याच वर्षी खाली आणला गेला. साउथ ब्राँक्समधले होस्टोस हे दोन भाषांतून शिकवणारे कॉलेज बंद करायचा घाट घातला होता. विद्यार्थी, शिक्षक आणि वस्तीतले लोक रस्त्यावर उतरले, इमारतीत ठाण मांडून बसले, म्हणून ते वाचले. आजही चालू आहे.

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते प्रामाणिकपणे तपासायला हवे. उत्तर असे : गरीब विद्यार्थ्यांना राज्याची शिक्षण मदत होतीच, मग ज्यांना परवडते त्यांनी फी भरली तर बिघडले काय? मित्रहो, हा युक्तिवाद आपण घरी बसून ऐकतोच. फी नसणे वेगळे आणि फी असून ती नंतर परत मिळणे वेगळे. पहिल्यात मुलगी सरळ वर्गात जाते. दुसऱ्यात ती आधी अर्ज करते, दाखले जोडते, पोर्टल चालू होण्याची वाट बघते आणि कॉलेजच्या खिडकीसमोर उभी राहते. न्यूयॉर्कची ती मदत पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाच होती. दिवसा काम करून दोन-दोन विषय घेणाऱ्या मुलाला ती नव्हती. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीची गुणपत्रिका कॉलेजने सात महिने अडवून ठेवली होती, कारण शिष्यवृत्तीचा हप्ता सरकारकडून आलेला नव्हता. कागदावर तिची फी माफच होती! मी तिच्याबरोबर त्या खिडकीशी चार वेळा गेले. तिची नोकरीची मुलाखत हुकली. हक्काचे मदतीत रूपांतर केले की माणसाचे नागरिकातून अर्जदारात रूपांतर होते. हजारो विद्यार्थी शहर विद्यापीठातून गळाले, ते असेच.

आणखी एक गोष्ट मला जास्त खुपते. नोव्हेंबर १९७५ मध्ये राज्याने कमी मुदतीच्या कर्जाची परतफेड तीन वर्षे पुढे ढकलणारा कायदा केला. म्हणजे सावकारांनाही थोडी कळ सोसायला लावली. एक बँक कोर्टात गेली आणि वर्षभरात, नोव्हेंबर १९७६ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. शहराने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. बरोबर आहे. मग १८४७ साली शहराने गरिबांच्या मुलांना दिलेला शब्द? त्याच्यासाठी कोणते कोर्ट होते? रोख्याच्या कागदाला घटनेचे संरक्षण मिळाले, शिक्षणाला मिळाले नाही. हक्क लिहिलेला नसेल तर टंचाईत सगळ्यात आधी तोच कापला जातो, हे मी यातून शिकले.

रोहॅटिन खलनायक होता असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि निरुपयोगी आहे. शहर खरेच दिवाळखोर झाले असते तर पगार, पेन्शन, दवाखाने सगळेच न्यायाधीशाच्या हाती गेले असते आणि गरीब अधिक भरडले असते, हा त्याचा मुद्दा पोकळ नव्हता. तो कामगार नेत्यांशी तासन्‌तास बोलायचा, त्यांच्यातल्या व्हिक्टर गॉटबॉम यांच्याशी त्याची पुढे घट्ट मैत्री झाली. १९८० च्या दशकात कर्ज काढून कंपन्या गिळण्याच्या लाटेवर त्याने जाहीर टीका केली. सरकारने रस्ते, पूल, शाळा यांत पैसा घातला पाहिजे, असे तो शेवटपर्यंत मांडत राहिला, त्यावर त्याने पुस्तकही लिहिले. आणि १९८८ मध्ये त्या लाटेतला सर्वात मोठा सौदा, आरजेआर नाबिस्कोचा, झाला तेव्हा कंपनीच्या संचालक समितीचा सल्लागार म्हणून लझार्ड तिथे होतीच. पुढे १९९७ ते २००० तो फ्रान्समध्ये अमेरिकेचा राजदूत होता. ज्या देशातून पोरवयात पळाला, तिथे राजदूत म्हणून परतला. डिसेंबर २०१९ मध्ये ९१ व्या वर्षी वारला.

माझा मुद्दा त्याच्या स्वभावाचा नाहीच. मुद्दा असा की, निर्वासितपण सोसलेला, संवेदनशील, सरकारी खर्चाचा पुरस्कर्ता माणूससुद्धा त्या खुर्चीत बसल्यावर सावकाराचा विश्वास आधी मोजतो आणि विद्यार्थ्याचे आयुष्य नंतर. कारण त्या टेबलावर सावकार हजर असतो, विद्यार्थी नसतो. स्वतः सोसले म्हणून माणूस आपोआप दुसऱ्या सोसणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो, हा आपला भाबडा समज आहे. 'आपला माणूस' वर गेला की प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा.

मग काय, आपल्या पोरांनी या क्षेत्रात जाऊ नये? उलट मी म्हणेन, जरूर जावे. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्र शिकायला. त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्ताचे मोठे अभ्यासक आणि न्यूयॉर्कच्या एका नामांकित इन्व्हेस्टमेंट बँकरचे पुत्र. त्या बँकरला, जोसेफ सेलिग्मनला, १८७७ मध्ये साराटोगाच्या एका हॉटेलने ज्यू म्हणून खोली नाकारली होती. चाळीस वर्षांनी, १९१७ मध्ये, त्याच्या मुलाचा हा शिष्य बडोद्याला पोचला तेव्हा त्यालाही जातीमुळे राहायला जागा मिळेना. पुढे मुंबईत बाबासाहेबांनी शेअरच्या व्यवहारांत सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद पडली. रोहॅटिनला परक्या देशात ओळखीने दार उघडले, बाबासाहेबांना स्वतःच्या देशात पदव्या असून बंद झाले. बाजार जात बघत नाही म्हणणाऱ्यांना हा प्रसंग जरूर सांगा.

पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये आला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची. कर कोण गोळा करते, खर्च कोण ठरवते, आणि ठरवणारा कोणाला जबाबदार असतो, हाच त्याचा विषय. १९७५ च्या न्यूयॉर्कला नेमका हाच प्रश्न विचारायला हवा होता.

आणि आज आपल्यालाही. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा मुंबई शेअर बाजारात समारंभ झाला. रोखे काढणे वाईट नाही. पाणी हवे, पाइप हवेत, पैसा कुठून तरी उभा करावाच लागतो. पण त्या कागदावर कोणत्या उत्पन्नाचा पहिला हक्क कोणाला लिहून दिला आहे, उद्या तूट आली तर आधी काय कापले जाईल, महापालिकेची शाळा की ठेकेदाराचे बिल, हे आपल्या वस्तीतल्या किती जणांनी वाचले? मोर्चा आपण काढतो तो निर्णय झाल्यावर. निर्णय होतो तो आकड्यांच्या तक्त्यात, सहा महिने आधी.

म्हणून अभ्यासिकेत आता दर रविवारी एक तास महापालिकेचा अर्थसंकल्प उघडून बसतो. सुरुवातीला पोरे कंटाळली. मग एकाने स्वतःच्या शाळेच्या दुरुस्तीची तरतूद शोधली, दुसरीने मागच्या वर्षी त्यातले किती खर्च झाले ते शोधले, आणि दोघांनी मिळून माहिती अधिकारात अर्ज टाकला. त्यातली एक मुलगी कॉमर्सला आहे, तिला बँकर व्हायचे आहे. मी तिला एवढेच सांगितले, जरूर हो, त्यांचे गणित त्यांच्यापेक्षा चांगले शिक. पण टेबलावर बसशील तेव्हा पहिला प्रश्न हा विचार : या खोलीत कोण नाही, आणि त्याच्या नावावर आपण काय लिहितो आहोत?